बालाजीचे सहाशे बुश

लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही नोकरी कुठे करत होता, तर मी "चाकणला, क्वालिटीत" एवढंच सांगते. समोरचा "अच्छा" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. त्याचं काही चुकत नाही. मी काय करत होते हे माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, "सून गाड्यांत खोड काढते आणि त्याचा पगार घेते." इतकं अचूक वर्णन माझ्या साहेबांनीही कधी केलं नसेल.

गाडी एका कारखान्यात तयार होते असं लोकांना वाटतं. तिथे ती फक्त जोडली जाते. तिच्यातले नट, पिना, कड्या, नळ्या भोसरी-चिंचवड-चाकणच्या लहानमोठ्या वर्कशॉपमधून येतात. या वर्कशॉपवाल्यांना आम्ही व्हेंडर म्हणायचो. त्यांनी केलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. माझं मुख्य हत्यार म्हणजे वीतभर लांबीचा पोलादी गेज. त्याचं एक टोक भागाच्या भोकात सहज जायला हवं, दुसरं टोक अजिबात जायला नको. दुसरं टोक आत गेलं की भोक मोठं झालं, माल नापास. लोखंड जास्त राहिलं तर कापता येतं. जास्त कापलं गेलं तर परत चिकटवता येत नाही.

त्या काळी या कामात बाई म्हणजे मी एकटीच. स्कूटी घेऊन मी भोसरीच्या गल्ल्यांतून फिरायचे. गल्लीत वळलं की कूलंटचा, म्हणजे लोखंड कापताना वर सोडतात त्या द्रवाचा, तो गोडसर तेलकट वास यायचा, प्रत्येक गाळ्यात वेगळं रेडिओ स्टेशन लागलेलं असायचं आणि लेथच्या आवाजात सगळी गाणी सारखीच वाटायची. गुरुवारी वीज बंद. त्या दिवशी तीच गल्ली इतकी शांत व्हायची की कुणीतरी लांब कुकर लावलेला ऐकू यायचा. आता तिथून जाते तेव्हा निम्मे गाळे गोदामं झालेले दिसतात. पण वास नाकात अजून तोच आहे.

व्हेंडर मला घाबरायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू. एक जण पेटीत वरच्या दोन थरांना चांगला माल लावायचा, मंडईत टोमॅटो लावतात तसा. मी पेटी जमिनीवर उलटी करायला लावली आणि तळाचे नग मोजायला घेतले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरी भाजी कोण आणतं? त्या भाजीवाल्याची काळजी वाटते."

बालाजीची आणि माझी ओळख अशाच एका फेरीत झाली. लातूरकडचा माणूस. आयटीआय करून पुण्याला आला, दहा वर्षं दुसऱ्यांच्या लेथवर उभा राहिला आणि मग दोन जुन्या लेथ घेऊन भोसरीत भाड्याचा गाळा घेतला. दारावर पाटी होती, "सुनीता इंजिनिअरिंग". सुनीता त्याची बायको. ती आतच खाली चटईवर बसून तयार नगांच्या कडा कानशीने घासायची आणि प्रत्येक नग गेजवर तपासायची. पहिल्या दिवशी मी तिने पास केलेले पन्नास नग परत तपासले. एकही चुकला नव्हता.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"यांनी एकदा दाखवलं," ती म्हणाली. "बोटाला कळतंय की मॅडम. नीट बसत नसलं तर गेज अडखळतंय."

हे मला माझ्या वडिलांनी, आठवीत असताना, घरी शिकवलं होतं. बाबा पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आमच्या टेबलाच्या खणात व्हर्नियर असायचा आणि सुट्टीच्या दिवशी मी आईच्या चपात्यांची जाडी मोजून तिला वैताग आणायचे. सुनीताने ते दोन लेथच्या मध्ये, चटईवर बसून, एका दुपारीत आत्मसात केलं होतं. त्या दोघांबद्दल मला फार वाटायला लागलं. बुधवारची माझी फेरी मी मुद्दाम तिथे संपवायचे. सुनीता स्टोव्हवर चहा करायची, लातूरचा तिखट चिवडा काढायची आणि बालाजी त्याच्या स्वप्नांबद्दल बोलायचा.

"गावाकडं काम करणाऱ्याला कोण इचारत नाही, मॅडम. इथं माल चांगला असला की झालं. तुमी माझी जात इचारत नाही की माझा बाप कोण हाय ते इचारत नाही. गेज घालून बघता. मला हे लई आवडलं."

मलाही ते फार आवडलं. आमच्या ट्रेनिंगच्या कार्यक्रमांत मी हेच वाक्य थोडं सजवून बोलायचे. इथे कुणीही मोठं होऊ शकतं, लोखंडाला वशिला कळत नाही, वगैरे. टाळ्या पडायच्या.

त्याच सुमारास विकास आमच्याकडे आला. तो माणचा. हिंजवडीचं आयटी पार्क वाढत वाढत माणपर्यंत गेलं, त्यात त्यांची बरीच जमीन गेली आणि पैसा आला. त्याच्याबरोबरच्या मुलांनी गाड्या घेतल्या, हॉटेलं काढली. विकासने चाकणला शेड बांधली आणि चार नवी कोरी सीएनसी मशीन आणली, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारी. लोखंड कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. त्याचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, पांढरी टोपी घालून शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारायचे.

विकासबद्दल माझं मत आधीच ठरलेलं होतं: बापाच्या जिवावर खेळ चाललाय, वर्षभरात शेड भाड्याने देईल. पहिली दोन वर्षं मी त्याचा माल परत पाठवत राहिले. एकदा तर सलग तीन लॉट. तो स्वतः टेम्पोबरोबर यायचा, नापास माल परत भरून घ्यायचा आणि वहीत लिहून घ्यायचा की काय चुकलं. "मॅडम, हे का झालं ते एकदा परत सांगा ना," असं म्हणायचा. पुढे मी स्वतःच त्याच्या शेडवर जाऊन सांगायला लागले. तो शिफ्टला कामगारांबरोबर उभा राहायचा, हातमोजे काढून गरम नग हातात घ्यायचा. शिकण्याची खरी आच होती त्याला. माझं मत मी बदललं, आणि आजही बदललेलंच आहे. विकास चांगला माणूस आहे आणि चांगला कारखानदार आहे. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

मी बालाजीला मोठं व्हायला सांगितलं. हे माझंच काम. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये एक बुश असतो, म्हणजे जाड लोखंडी नळीचा दोन बोटं लांबीचा तुकडा. त्याची मोठी ऑर्डर निघणार होती, पण ती सीएनसी मशीन असणाऱ्यालाच मिळणार होती. "तुमच्यासारखं काम कुणाचंच नाही," मी त्याला म्हणाले. "मशीन घ्या. बाकीचं मी बघते." मी मीटिंगमध्ये त्याचं नाव लावून धरलं. साहेब म्हणाले, एवढ्या छोट्या माणसाला कशाला? मी भांडले. बालाजीने मोशीला अर्धा गुंठा जागा घेऊन ठेवली होती, घर बांधायला. ती विकून त्याने जुनं पण धडधाकट सीएनसी मशीन आणलं. ते गाळ्यात बसवायला दाराची चौकट काढावी लागली. सुनीताने मशीनला हळदकुंकू लावलं आणि मला पेढा दिला.

त्या वर्षी नवा नियम आला होता की नव्या मशीनवरचा पहिला लॉट नापास झाला, तर व्हेंडर सहा महिने चाचणीवर जातो. त्या काळात त्याला ऑर्डर नाही.

बालाजीचा पहिला लॉट सहाशे बुशांचा होता. मी तपासायला घेतला आणि पहिल्याच मूठभर नगांत गेजचं दुसरं टोक आत गेलं. मोजलं तर भोक दोन शतांश मिलिमीटरने मोठं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मशीन दुपारी तापल्यावर थोडं जास्त कापत होतं आणि बालाजीला त्याची सवय व्हायची होती. सकाळचे नग चांगले होते, दुपारचे सगळे गेलेले. त्याने तीन दिवस सुट्टी न घेता, जेवणसुद्धा मशीनपाशी उभं राहून करत तो लॉट केला होता.

तो समोर उभा होता. त्याने मला एकच गोष्ट विचारली.

"मॅडम, डेव्हिएशन मिळंल का?"

डेव्हिएशन म्हणजे एक परवानगी. माल नकाशाप्रमाणे नाही, पण गाडीला त्याने धोका नाही, असं डिझाइनच्या इंजिनिअरने लिहून दिलं तर तो माल घेता येतो. त्यासाठी मला डिझाइन विभागाला फोन करायचा असतो आणि नंतर एका पिवळ्या कागदावर सही करायची असते. एवढंच.

मी फोन केला नाही. सहाशे नगांसाठी कुणी डिझाइनला फोन करत नसे, त्याच बुशांचा दुसऱ्याकडचा साठा शिल्लक होता, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. त्याच्यासाठी मी भांडले होते. आता पहिल्याच लॉटला मी त्याच्यासाठी परवानगी मागायला गेले असते, तर बाई आपल्या माणसाला सांभाळून घेते असं बोललं गेलं असतं. मला माझा कडकपणा जपायचा होता.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बालाजी," मी म्हणाले.

"व्हय, ते तर हायच," तो म्हणाला आणि पेट्या उचलायला लागला. मी मदत करायला पुढे झाले तर म्हणाला, "राहू द्या, हात तेलकट व्हतील."

मला वाटलं होतं की सहा महिने तो कसेही काढेल. पण गाळ्याचं भाडं थांबत नाही आणि मोशीची जागा तर आधीच गेली होती. पुढच्या काही बुधवारी मी त्या गल्लीत जायचं टाळलं. काम होतंच म्हणा.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विकासच्या शेडवर त्याच मापाचे आठ हजार बुश तयार होते. माझ्या हाताखालच्या मुलाने तिथे जाऊन तपासले होते आणि अडीच शतांशाने मोठे निघाले होते. आता बाकी साठा संपला होता. ते बुश आले नसते तर दुसऱ्या शिफ्टला गाड्या जोडायची लाइन थांबली असती. लाइन थांबणं म्हणजे आमच्या कारखान्यात आग लागल्यासारखंच होतं. साहेब म्हणाले, "डिझाइनला विचारा."

मी विचारलं. पलीकडच्या इंजिनिअरने नकाशा उघडला, काही आकडेमोड केली आणि पंधरा मिनिटांत परत फोन केला. "तीन शतांशापर्यंत काही अडचण नाही, मॅडम. लिहून पाठवतो." मी पिवळ्या कागदावर सही केली. कागद विकासकडे गेला, त्याच्या प्रती काढून प्रत्येक पेटीवर लावल्या गेल्या, टेम्पो निघाले आणि दुसरी शिफ्ट वेळेवर सुरू झाली. साहेबांनी चहा मागवला.

चहा तसाच ठेवून मी जागेवर येऊन बसले. तीन शतांशापर्यंत अडचण नाही. बालाजीचं भोक दोन शतांशाने मोठं होतं.

त्या बुधवारी मी भोसरीला गेले. गाळ्यावर प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्याची पाटी लागली होती. शेजारच्या गाळेवाल्याने सांगितलं, "बालाजीनं मशीन विकलं, मॅडम. चाकणला लागला कुठंतरी नोकरीला." ते ऐकून मला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

तो विकासकडेच लागला होता. काही महिन्यांनी मी शेडवर गेले तर मशीनमागून तो बाहेर आला, हात पुसत. "मॅडम, कशा हाव?" पूर्वीसारखंच हसला. सुनीता बरी होती, मुलगी शाळेत जात होती. त्यानंतर विकासकडून येणाऱ्या मालात मला फरक दिसायला लागला. आधी चांगला होता, आता उत्तम व्हायला लागला. दुपारी तापणाऱ्या मशीनचं काय करायचं हे त्या शेडमध्ये आता एका माणसाला पुरतं कळलं होतं.

वर्षं गेली. चाकणच्या बटाट्याच्या शेतांत गोदामं उभी राहिली, मी स्कूटी सोडून कंपनीच्या गाडीने फिरायला लागले, विकासची एक शेड होती तिच्या तीन झाल्या. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या कंपनीने त्याला उत्कृष्ट व्हेंडर म्हणून गौरवलं. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "स्वतःच्या जिद्दीने शून्यातून विश्व उभं करणारे उद्योजक." अशी वाक्यं हाताला सवयीने येतात.

विकासने भाषणात बालाजीचं नाव घेतलं, त्याला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. जेवणाच्या वेळी अण्णा माझ्या शेजारी बसले. आता बरेच थकले होते.

"ताई, त्ये कागदावर तुमी लिव्हलंय का?"

"हो अण्णा. का? चुकलं का काही?"

"न्हाई, अक्षर ब्येस हाय. पर शून्य म्हंजी काय वो? आमची माणची वरली पट्टी व्हती, माज्या बापाच्या बापानं दगूड येचून क्येल्याली. ती काय शून्य व्हती व्हय?" त्यांनी घास संपवला. "दोन वर्सं त्यानं निस्तं लोखंड नासलं. मी म्हनलं, नासू दे, शिकतंय पोरगं. दुसऱ्या कुनाच्या पोराला येवढं नासू दिलं आसतं का कुनी?"

अण्णांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. त्यांना आपल्या बापाच्या बापाची नोंद त्या कागदावर हवी होती, इतकंच. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन बसले ते उठलेच नाही. आमचं घर पिंपळे सौदागरला आहे. तिथे शेतं होती तेव्हा बाबांनी जागा घेतली, तिच्यावर आजचा आमचा फ्लॅट उभा आहे. मला नोकरी लागली ती गुणांवर, असं मी मुलांना सांगत आले. मुलाखतीच्या आधी बाबा त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन आले होते. "फक्त सांगून आलो की मुलगी येते आहे," असं म्हणाले होते. मी हुशार होतेच. पण मी येते आहे, हे कुणीतरी आधी सांगून आलं होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला विकासने मशीनपूजेला बोलावलं. शेड झाडून लखलखीत केली होती. बालाजी आता तिथला प्रॉडक्शनचा मुख्य. केस पांढरे झालेले, इस्त्रीचा शर्ट. मोशीला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. मुलगी इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या कंपनीत आहे आणि मैत्रिणींबरोबर मारुंजीला राहते. कुणालाही विचारलं तर बालाजीचं चांगलं चाललंय असंच म्हणेल. तो एका मशीनला झेंडूचा हार बांधत होता. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. बरीच वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलायला सुरुवात केली.

"बालाजी, तुमच्या त्या सहाशे बुशांनंतर दोन महिन्यांनी मी..."

"विकासशेठच्या आठ हजारांवर सही केली. माहीत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला पायजे? मला इथं लागून आठवडा झाला व्हता. त्या पेट्या मीच भरल्या. प्रत्येक पेटीवर पिवळा कागद लावायचा व्हता, तो पण मीच लावला. तुमची सही वळखतो की मी."

"आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलू?" त्याने दोऱ्याला गाठ मारली. "तुमी इथं यायच्या, सुनीताची चौकशी करायच्या, पोरीच्या अ‍ॅडमिशनला कागदपत्रं कोणती लागतात ते तुमीच सांगितलं. तुमी काय वाईट माणूस नव्हत्या. राग आला व्हता, नाही म्हणत नाही. सुनीताला तर आठ दिवस सांगितलंच नाही."

"मी फोन केला असता तर..."

"मॅडम फोन करत्या तर, ते मशीन राहतं तर, ती पाटी राहती तर. तीन वर्षं मी रोज हेच म्हणायलो व्हतो. जेवताना, झोपताना. सुनीता पार कंटाळली. मग एक दिवस सोडून दिलं."

हार सरळ बसला की नाही हे त्याने दोन पावलं मागे होऊन पाहिलं. मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती.

"आता थोडे दिवस तुमी म्हणा," तो म्हणाला.

या दसऱ्याला त्या गोष्टीला वर्ष होईल. मी म्हणते आहे.